आयसीयूत माणुसकी रोजच्या कामात कशी बसवायची

आठ-दहा खाटांचा आयसीयू, दोन सिस्टर, एक आरएमओ (निवासी डॉक्टर), एक मावशी आणि बाहेर जिन्यावर चटया टाकून बसलेले वीस-पंचवीस नातेवाईक. जिल्ह्याच्या गावात हे चित्र नेहमीचं. तिथे ‘रुग्णाशी प्रेमाने वागा’ अशी पाटी लावून काही बदलत नाही. रात्री तीनला दोन व्हेंटिलेटर एकदम वाजायला लागले की ती पाटी कोणाला आठवणार? अँटिबायोटिकची वेळ चुकत नाही, कारण ती चार्टवर लिहिलेली असते. रुग्णाशी बोलायची, दिवे घालवायची, नातेवाइकांना निरोप द्यायची वेळही तशीच चार्टवर लिहा. कोणी करायचं आणि किती वाजता, एवढं ठरलं की बरंचसं काम होतं.

पहिल्या चोवीस तासांत भरायचा कागद

एक कोरा ए-फोर कागद, जाड मार्कर आणि खाटेच्या डोक्याशी लावायला चिकटपट्टी. माहिती विचारायची ती त्या माणसासोबत रोज राहणाऱ्याला. काउंटरवर फॉर्म भरणारा भाचा बहुतेक वेळा शहरातला असतो. त्याला आत्याचा कुठला कान अधू आहे ते माहीत नसतं.

विचारा: घरी काय म्हणतात? तात्या, अक्का, गुरुजी, जे असेल ते मोठ्या अक्षरात लिहा. ‘पाच नंबर’ तर नकोच, पण सरसकट ‘आजी’ही नको. पंचावन्न वर्षांच्या मुख्याध्यापिकेला गावाने कधी आजी म्हटलेलं नसतं. घरची बोली कोणती? अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, भिली की कन्नड? त्या बोलीतली दोन-चार वाक्यं नातेवाइकाकडून लिहून घ्या: ‘घाबरू नका’, ‘दुखतंय का’, ‘तुम्ही दवाखान्यात आहात’. लिहितात कोणत्या हाताने? शक्य असेल तर सलाइन दुसऱ्या हाताला लावा, म्हणजे तोंडात श्वासाची नळी असताना पाटीवर लिहिता येईल.

चष्मा आणि कानाचं मशीन भरतीच्या गडबडीत काढून पिशवीत जातं, पिशवी घरी जाते, आणि चौथ्या दिवशी राउंडला नोंद होते: ‘रुग्ण प्रतिसाद देत नाही.’ ऐकू येत नाही, दिसत नाही, तर प्रतिसाद कशाला देणार? झाकणाचा डबा घ्या, त्यावर नाव लिहा, तो खाटेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि मशीनचे सेल तपासा. तोंडात नळी असेपर्यंत कवळी बाहेरच राहील, पण ती हरवू नये म्हणून तीही त्याच डब्यात ठेवा.

व्यसनाचं वेगळं विचारा, बाजूला घेऊन, आणि बायकांच्या बाबतीतही विचारा. मिशरी लावणाऱ्या बाईला ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर घरचे नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिशरी म्हणजे दात घासणं. दारू अचानक बंद झाली की पहिल्या दिवसातच हात थरथरायला लागतात. भ्रमाची (डिलिरियम, म्हणजे भान हरपून गोंधळण्याची) मोठी लाट दोन ते चार दिवसांनी येते. हे आधी कळलं नाही तर माणूस ‘व्हायोलंट’ ठरतो आणि त्याचे हात बांधले जातात.

मंगळसूत्र, बांगड्या, केस

इमर्जन्सीत कात्री लवकर हातात येते. छातीवर शॉक द्यायची वेळ असेल तर मंगळसूत्र बाजूला सरकवा, लागलंच तर काढा. ते कापायची वेळ फार क्वचित येते. काढायचं असेल तर बाईला, ती बेशुद्ध दिसत असली तरी, कानाशी सांगा: ‘काकू, तपासणीसाठी मंगळसूत्र काढते आहे, नवऱ्याच्या हातात देते.’ मग कागदात गुंडाळून, मणी आणि वाट्या मोजून, नोंदवहीत नातेवाइकाची सही घेऊन द्या. हिरव्या बांगड्या फोडू नका. नवरा शेजारच्या खाटेवर किंवा बाहेर जिवंत असताना बांगडी फुटल्याचा आवाज त्या घराला किती लागतो, हे इथे वाढलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. हात सुजण्याआधी, भरतीच्या वेळीच, साबणाचं पाणी लावून त्या उतरवा. एमआरआय नसेल तर काळा दोरा, ताईत राहू द्या. आड येत असेल तर मनगटावरून काढून उशीला बांधा.

लांब केस पाचव्या दिवशी जटा होतात आणि मग कापावे लागतात. पहिल्याच दिवशी थोडं तेल लावून, मधोमध भांग पाडून दोन सैल वेण्या घाला आणि कानामागून पुढे घ्या. मागे एकच वेणी घातली तर डोक्याखाली गाठ येते आणि तिथे व्रण होतो. हे काम आई किंवा मुलगी आनंदाने करते, तिला बोलवा. नळीच्या पट्टीसाठी मिशी काढायची झाली तर आधी विचारा. बहुतेक वेळा ती न काढताही दोरीने बांधून भागतं.

हात लावण्याआधी सांगा

गुंगीच्या औषधावरचा माणूस ऐकत नाही असं धरून चालू नका. बरे झालेले रुग्ण खाटेशेजारची बोलणी पुढे महिनोन्‌महिने आठवत राहतात, आणि ती अर्धवट ऐकलेली असल्याने भलतीच होऊन आठवतात. खाटेपाशी पगाराचं, सुटीचं किंवा शेजारच्या मृत्यूचं बोलू नका.

दर वेळी तीन गोष्टी सांगा: मी कोण, काय करणार, किती वेळ लागेल. ‘तात्या, मी रात्रीची सिस्टर. घशातला कफ काढते. ठसका लागेल, दहा आकडे मोजेपर्यंत संपेल.’ आणि खरंच दहा ते पंधरा सेकंदांत सक्शन संपवा. प्रत्येक शिफ्टला एकदा वार, वेळ आणि ठिकाण सांगा. रुग्णाला दिसेल अशा जागी मोठं घड्याळ आणि पांढरा फळा हवा. बऱ्याच आयसीयूंत घड्याळ सिस्टरच्या टेबलावर असतं आणि रुग्णाला फक्त छत दिसतं.

नळी असलेल्या रुग्णासाठी तक्ता करा. बाजारातले तक्ते बहुधा इंग्रजीत असतात. पुठ्ठ्यावर आठच चित्रं काढा: दुखतंय, तहान, श्वास कोंडतोय, कूस बदला, लघवी-संडास, थंडी किंवा उकाडा, घरचे कुठे आहेत, मी कुठे आहे. मागे माणसाची आकृती काढा, म्हणजे कुठे दुखतंय ते बोटाने दाखवता येईल. ‘हो’साठी एकदा डोळे मिटणं, ‘नाही’साठी दोनदा, ही खूण ठरवा आणि ती खाटेच्या कागदावर लिहा. नाहीतर सकाळच्या सिस्टरची एक खूण आणि रात्रीच्या सिस्टरची दुसरी, असं होतं. एका वेळी एकच प्रश्न विचारा. ‘दुखतंय की पाणी हवंय?’ याला डोळे मिटून उत्तर देता येत नाही.

दुखणं, तहान, झोप

बोलू न शकणाऱ्याचं दुखणं मोजता येतं. सीपॉट नावाच्या मापात चेहरा, अंगाची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळणं या चारांना शून्य ते दोन गुण देतात. आठपैकी तीन किंवा जास्त आले तर वेदना आहे असं धरून औषध द्या, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. दर चार तासांनी मोजा, कूस बदलण्याआधी आणि ड्रेसिंगआधीही. अस्वस्थ दिसला की मिडाझोलाम हे गुंगीचं औषध वाढवायची सवय फार रुजलेली आहे. पण दुखणाऱ्या माणसाला फक्त झोपवलं तर दुखणं जागच्या जागी राहतं आणि भ्रम वाढतो. वेदनेचं औषध आधी, गुंगीचं मागून आणि कमीत कमी. वैद्यकीय अडचण नसेल तर रोज सकाळी गुंगी थांबवून रुग्णाला जागं करा आणि त्याच वेळी तो स्वतः श्वास घेऊ शकतो का ते बघा. या जोडकामाने व्हेंटिलेटरचे दिवस कमी होतात, हे 2008 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं आहे.

तहान हा आयसीयूतला सर्वांत दुर्लक्षित त्रास. तोंडाने काही द्यायचं नसलं तरी थंड पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला गॉझ जिभेवर, गालांच्या आत फिरवता येतो. मग थंड पाण्याचे एक-दोन फवारे, शेवटी ओठांना मलम. ऑक्सिजन चालू असेल तर व्हॅसलिनऐवजी पाण्यात विरघळणारं मलम वापरा. दर दोन तासांनी केलं तर तीन-चार मिनिटांचं काम आहे.

झोपेसाठी रात्री दहा ते पहाटे पाच ही वेळ राखून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत वॉर्डातला रात्रीचा आवाज 30 डेसिबलच्या आसपास असावा असं आहे. आपल्याकडे तो आकडा गाठणं अवघड आहे, पण काही गोष्टी बिनखर्ची आहेत. स्टाफचे मोबाइल सायलेंट करा. मॉनिटरची अलार्म-मर्यादा रुग्णाप्रमाणे लावा. नेहमी 110 ची नाडी असणाऱ्याला 100 वर अलार्म ठेवला तर तो रात्रभर वाजतो आणि शेवटी कोणीच बघत नाही. स्टीलची ट्रॉली ढकलताना खडखडते, चाकांना तेल घाला. आणि पहाटे चारचं स्पंजिंग बंद करा. ते फक्त नाइट ड्युटीला काम संपवून द्यायचं असतं म्हणून चारला होतं. रात्री नऊच्या आत किंवा सकाळी सहानंतर केलं तरी चालतं, फक्त दोन शिफ्टमध्ये वाटणी नव्याने करावी लागते. मेट्रननी लेखी आदेश काढल्याशिवाय ही सवय सुटत नाही.

भ्रम दोन वेळा तपासा, सकाळी आणि संध्याकाळी. दहा अक्षरं सावकाश म्हणा, ठरलेलं अक्षर आलं की हात दाबायला सांगा. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर लक्ष टिकत नाही. मग चार साधे प्रश्न: दगड पाण्यावर तरंगतो का, समुद्रात मासे असतात का, एक किलो दोन किलोपेक्षा जड असतो का, हातोडीने खिळा ठोकतात का. आरडाओरडा करणारा भ्रमिष्ट लगेच दिसतो. गप्प पडून राहणारा ‘शांत रुग्ण’ म्हणून सुटतो, आणि असे गप्प रुग्णच जास्त असतात.

बांधलेले हात

गॉझच्या पट्टीने हात बांधणं ही सोय आहे, उपचार नाही. आधी कारण शोधा: लघवी तुंबली आहे का, ऑक्सिजन कमी झाला आहे का, दुखतंय का, दारू-तंबाखू तुटली आहे का, नळीची पट्टी गालात रुतते आहे का? मग रोज राउंडला एक प्रश्न सक्तीने विचारा: यातली कुठली नळी आज निघू शकते? जी नळी नाही ती रुग्ण उपटू शकत नाही. बोटं झाकणारे जाड मोजे बांधण्यापेक्षा बरे, आणि शेजारी बसलेला मुलगा मोज्यांपेक्षाही बरा. बांधावंच लागलं तर डॉक्टरची लेखी ऑर्डर, कारण आणि वेळ हवी, पट्टीखाली दोन बोटं जातील इतकी सैल गाठ हवी, आणि दर दोन तासांनी सोडून बोटांचा रंग बघा. नातेवाइकांना दाराबाहेरच सांगा. आत येऊन अचानक बांधलेले हात दिसले की तिथेच विश्वास तुटतो.

रुग्णाला उठवून बसवणं हाही भ्रमावरचा उपाय आहे. ऑक्सिजनचं प्रमाण 60 टक्के किंवा कमी, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) 90 किंवा जास्त, श्वास मिनिटाला 30 पर्यंत आणि रक्तदाब स्थिर असेल तर व्हेंटिलेटरवर असतानाही खाटेच्या कडेला पाय सोडून बसवता येतं. माणसं तीन लागतात: एक फक्त नळी धरायला, एक पाठीशी, एक समोर.

दार उघडं ठेवणं

‘भेट सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं’ यामागे संसर्गाचं कारण सांगतात. ब्राझीलमधल्या 36 आयसीयूंत दिवसाला बारा तासांपर्यंत भेट देऊन बघितली. तो अभ्यास 2019 मध्ये छापून आला. संसर्ग वाढला नाही. रुग्णांचा भ्रमही घटला नाही, हेही खरं सांगायला हवं. पण घरच्यांची चिंता आणि नैराश्य स्पष्ट कमी झालं.

आपल्याकडे एकदम बारा तास झेपणार नाहीत. दुपारी बारा ते रात्री आठ, एका वेळी एक माणूस, एवढ्यावर सुरुवात करा. रुग्णामागे दोनच पास द्या, आळीपाळीने वापरायचे. पास नसला की वॉर्डबॉयला पन्नास रुपये देऊन आत जायची वाट तयार होते आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो बाहेर राहतो. सर्दी-खोकला असणाऱ्याने थांबायचं. आत येताना आणि जाताना हातावर सॅनिटायझर, अर्धं मिनिट चोळून. बसायला स्टूल हवंच. उभा माणूस पाच मिनिटांत काय बोलावं ते न सुचून निघून जातो.

पहिल्या भेटीआधी सिस्टरने दोन मिनिटं बाहेर यावं आणि आत काय दिसेल ते सांगावं: तोंडात नळी आहे, चेहरा सुजलाय, मशीन वाजतं, प्रत्येक आवाज म्हणजे धोका नाही. मग काम द्या. रिकाम्या हातांनी बसलेला माणूस फक्त मॉनिटर बघतो. हाताला क्रीम लावणं, केस विंचरणं, तक्ता धरणं, घरची बातमी सांगणं, गायीला वासरू झालं तर ते सांगणं, ही घरच्यांची कामं. पायाच्या पोटऱ्या मात्र चोळू देऊ नका. तिथे रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाते. भरवणं, कूस बदलणं सिस्टर असतानाच.

बाहेरच्या माणसांसाठी प्यायचं पाणी, रात्रीही उघडं असणारं स्वच्छतागृह, मोबाइल चार्जिंगचे चार प्लग आणि पडायला जागा लागते. माणूस परगावचा असेल तर जवळची धर्मशाळा, स्वस्त खाणावळ यांची यादी आरोग्यमित्राकडे (सरकारी आरोग्य योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) किंवा समाजसेवा अधीक्षकाकडे छापून तयार ठेवा.

बोलणं

‘सिरियस आहे’ आणि ‘बहात्तर तास काही सांगता येत नाही’ ही दोन वाक्यं आपल्या आयसीयूंत सर्वांत जास्त बोलली जातात. दोन्हींतून घरच्यांना काही कळत नाही. बहात्तर तास संपले की ते घड्याळ लावून येतात, आणि पुन्हा तेच ऐकून संतापतात. त्याऐवजी सांगा: काय बिघडलंय, आज काय करतोय, उद्यापर्यंत काय दिसलं तर चांगलं, काय दिसलं तर वाईट. ‘लघवी सुरू झाली आणि रक्तदाबाचं औषध निम्म्यावर आलं तर आपण योग्य दिशेने आहोत’ हे शेतकऱ्याला समजतं, ‘क्रिॲटिनिन’ समजत नाही.

रोज एक वेळ ठरवा, समजा दुपारी एक, आणि सांगायला काही नसलं तरी ती पाळा. भरतीपासून तीन दिवसांच्या आत एक सविस्तर बैठक घ्या. जिन्यात किंवा दारात नको, बंद खोलीत, सगळ्यांना खुर्च्या, फोन बंद, डॉक्टरसोबत सिस्टर. पहिला प्रश्न त्यांना: ‘तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय?’ मग: ‘ते माणूस म्हणून कसे आहेत?’ आणि थांबा. फ्रान्समधल्या 22 आयसीयूंत मृत्यूच्या दारातल्या रुग्णांच्या घरच्यांशी अशी आखीव बैठक घेतली गेली. तो अभ्यास 2007 चा. बैठक नेहमीच्या वीसऐवजी तीस मिनिटं चालली, आणि घरचे पाचऐवजी चौदा मिनिटं बोलले. त्यांना माहितीपुस्तिकाही दिली होती. तीन महिन्यांनी त्यांच्यात मानसिक आघाताची लक्षणं कमी आढळली. दहा मिनिटांचा जास्तीचा वेळ प्रत्येक ठिकाणी काढता येतो.

बैठकीला पत्नीला बोलवाच. आपल्याकडे काका, मेहुणा, सरपंच बोलतात, आणि जिने दहा वर्षं औषधं दिली ती दाराशी पदर धरून उभी असते. एक बोलणारा प्रतिनिधी ठरवा, पण ऐकायला तिला समोर बसवा. परगावचा भाऊ चौथ्या दिवशी येऊन ‘इथून हलवा’ म्हणतो तेव्हा वाद घालू नका. तो अपराधी भावनेने आलेला असतो. त्याला रुग्णाजवळ पंधरा मिनिटं बसू द्या, मग सगळं पहिल्यापासून सांगा.

पैशांचं बोलणं त्याच बैठकीत नको. ते समाजसेवा विभागाने वेगळं, रोजच्या रोज, लेखी आकड्यात सांगावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का हे पहिल्या दिवशी बघा. धर्मादाय रुग्णालय असेल तर निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के आणि दुर्बल घटकांसाठी 10 टक्के खाटा राखीव असतात, हे नातेवाइकांनी विचारायची वाट न बघता सांगा.

परत येणार नाही असं दिसतं तेव्हा

पैसे संपले की ‘डामा’वर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याच्या कागदावर) सही, आणि अँब्यू (हाताने श्वास द्यायचा फुगा) दाबत गावापर्यंत नेणं, ही आपल्याकडची रोजची गोष्ट. सल्ल्याविरुद्ध नेलं असं लिहून मोकळं होऊ नका. घरी मरण यावं ही घरच्यांची इच्छा असेल तर तिची नीट आखणी करता येते. वाटेतच जीव जाऊ शकतो हे स्पष्ट सांगा. धाप आणि वेदनेचं औषध नळी काढण्याआधी द्या, आणि पुढचे डोस व ते कसे द्यायचे हे सोबत लिहून द्या. सोबत प्रशिक्षित माणूस पाठवा. आजाराचं निदान लिहिलेला सारांश द्या. घरी मृत्यू झाल्यावर कारणाचा दाखला नमुना 4अ वर लागतो, तो गावातला कोणता डॉक्टर देणार ते निघण्याआधी फोनवर ठरवा. नाहीतर अंत्यविधी अडतो.

आयसीयूतच उपचार थांबवायचे असतील तर कायद्याची वाट आहे. वर्षानुवर्षं अचेत पडून राहिलेल्या केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यासंबंधीच्या याचिकेवर 2011 मध्ये निकाल आला आणि जगवणारे उपचार थांबवायची वाट त्यात अटींसह मान्य झाली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. इच्छापत्र (शेवटी कोणते उपचार नकोत हे रुग्णाने आधीच लिहिलेलं) असेल तर ते दोन साक्षीदारांसमोर केलेलं आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेलं असावं. उपचार करणारा डॉक्टर आणि पाच वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मग वेगळ्या डॉक्टरांचं दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक. दोघांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं, आणि अंमलाआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. इच्छापत्र नसतानाही घरच्यांच्या संमतीने याच वाटेने जाता येतं. मंडळांची नावं आधीच ठरवून ठेवा, ऐन वेळी माणसं मिळत नाहीत.

शेवटच्या तासांत पडदे ओढा, मॉनिटरचा आवाज बंद करा आणि भेटणाऱ्यांच्या संख्येचा नियम सैल करा. तुळशीपत्र, गंगाजल, कलमा, त्रिशरण, पाद्रींची प्रार्थना, काय हवं ते विचारा. पाणी घशात ओतू देऊ नका, ठसका लागतो. ओल्या गॉझने ओठ आणि जीभ भिजवा, विधी पूर्ण होतो.

‘मेल्यावरही व्हेंटिलेटरवर ठेवतात’ हा संशय घराघरांत आहे. तो रागावून जात नाही. मृत्यूनंतर घरच्यांपैकी दोघांना आत घ्या, मॉनिटरवरची सरळ रेघ दाखवा, छातीला स्टेथोस्कोप लावताना त्यांना शेजारी उभं करा, वेळ मोठ्याने म्हणा. आणि ‘एक्सपायर झाले’ म्हणू नका. ‘तात्या गेले’ म्हणा, नाव घेऊन, आणि मग गप्प बसा. बिल अडलं म्हणून पार्थिव अडवता येत नाही. पार्थिव मिळण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहे. नळ्या काढून, चेहरा पुसून, केस विंचरून, कवळी बसवून मगच घरच्यांना दाखवा. जबडा ताठल्यावर ती बसत नाही, म्हणून पहिल्या तासातच.

बरा होऊन गेलेल्यांसाठी

आयसीयूतून गेलेल्या अनेकांना महिनोन्‌महिने अशक्तपणा, विसराळूपणा आणि भयानक स्वप्नं राहतात. घरचे म्हणतात, ‘आता तर बरा झालास, मग रडतोस काय?’ म्हणून डिस्चार्जच्या कागदावर हे साध्या मराठीत लिहून द्या. खाटेशी एक शंभर पानी वही ठेवा. सिस्टर आणि घरचे रोज तारखेसह दोन ओळी लिहितील: ‘आज नळी निघाली. नात येऊन गेली. तुम्ही तिचा हात दाबलात.’ दुसऱ्या रुग्णाचं नाव किंवा आजार त्यात नको. रुग्णाच्या डोक्यात त्या दिवसांची जागा रिकामी किंवा भीतीच्या चित्रांनी भरलेली असते. वही जाताना हातात द्या, पण कधी वाचायची ते त्याचं त्याने ठरवावं. सहा आठवड्यांनी फॉलोअपला बोलवाल तेव्हा विचारा: जिना चढता येतो का, झोप लागते का, पैशांचा हिशोब जमतो का, आवाज बसलेला आहे का. आणि सोबत आलेल्या बायकोला वेगळं बाजूला घेऊन विचारा, तुम्ही झोपता का.